कान दुखतोय

आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा
'मी आलो', 'मी जेवलो', 'मी निघालो' म्हणतात.
गंगावेशीत धारेच्या दुधाला थांबलेली म्हातारी म्हणते,
शाहूपुरीत क्लासला पळणारी पोरगी म्हणते.
पुण्याची माणसं हसतात,
पण त्यांना कुणी विचारत नाही
नक्की कोण तू.

मी एकटीच या गावात
'आले', 'जेवले', 'निघाले'.
वीस वर्षं एकदाही जीभ घसरू दिली नाही.
पुरावा म्हणून माझ्याकडं तेवढंच होतं.

मागल्या खेपेला कान दुखत होता.
डावा. आतून कुणी दाभण फिरवावं तसा.
केसपेपरच्या खिडकीत आधार कार्ड सरकवलं.
"नाव?"
"कस्तुरी."
तो कार्डाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं,
मग शेजारच्याला कोपरानं ढोसलं.
रांगेत मागं लेकरू कडेवर घेतलेली बाई
हळूच हातभर सरकली.

आत डॉक्टरांनी शिकाऊ पोरं बोलावली, सहा जण.
ऑपरेशन कुठं केलंस, कुणी केलं,
लघवी कशी करतेस.
पडदा होता, अर्ध्या कड्या तुटलेला.
त्यांनी सगळं बघितलं
कान सोडून.

घरी येऊन लसणीचं कोमट तेल घातलं
आणि चार महिने उजव्या कुशीवर झोपले.

शेवंताला कावीळ झालेली.
गोळ्या मेडिकलमधून, डोस आमच्या आमच्या अंदाजानं,
चवीपुरतं मीठ घालावं तसा.
बायकांच्या वॉर्डात तिला घेईनात,
पुरुषांच्या वॉर्डात ती जाईना.
तीन रात्री व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीजवळ.
येणारा जाणारा पेला भरेपर्यंत तिला बघून घ्यायचा.
चौथ्या दिवशी घाटावर नेली
तेव्हा फॉर्मवर नाव दुसऱ्याच कुणाचं होतं.
ते मी इथं लिहिणार नाही.

परवा कानातून पू आला म्हणून पुन्हा गेले.
भांडायची वाक्यं पाठ करून,
नियमाचा कागद घडी घालून ब्लाउजात.
दाराशी सिस्टर माणगावे, हातकणंगल्याकडच्या,
चष्मा दोरीला बांधलेला.
"काय होतंय?"
"कान."
"कुठला?"

कुठला.
मी पाठ केलेलं सगळं विसरले.
डाव्या कानावर हात ठेवला आणि
वेड्यासारखी रडले, टेबलावरच्या कापसाच्या डब्याशेजारी.

"बस हितं. मी डॉक्टरांना घेऊन आलो," म्हणाल्या.
आलो.

रजिस्टरात रकाने दोनच.
त्यांनी पट्टी घेतली, पेन्सिलीनं तिसरी रेघ ओढली,
जरा वाकडीच.
"वरनं छापून येईल तवा येईल."
शिकाऊ पोरं डोकावली, तर
"कानाचा पेशंट हाय. कान बघायचा असंल तर या."
दोघंच आली. कान बघितला.
"पडदा फाटलाय," त्यातली एक हळूच म्हणाली.
मी त्या तुटक्या कड्यांकडं बघितलं.
हसू आलं, पण हसताना दुखलं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचंही विचारलं.
किती वर्षं, कुठल्या, कधी तपासलंस का.
ओरडल्या नाहीत. लिव्हरसाठी रक्त घेतलं.
बाटलीवर चिठ्ठी लावली : कस्तुरी.
शेवंताचं कुणी एवढं रक्त घेतलं असतं तर
पण राहू दे.

थेंब, कापूस, आठ दिवसांनी परत.

पेन्सिल पुसता येते, ठाऊक आहे मला.
सिस्टरांची बदली होईल,
खिडकीतला तो मात्र रिटायर होईपर्यंत तिथंच.
तरी दारात चपला घालताना
"येतो सिस्टर"
तोंडातून निघून गेलं.
वीस वर्षांत पहिल्यांदा.

मी तिथंच थिजले, एक पाय चपलेत.

त्या पुढच्या पेशंटचं बीपी बघत होत्या.
मान न वळवता म्हणाल्या,
"ये. आन् न्हाताना कानात पाणी जाऊ देऊ नकोस."